मेंढ्याच्या किमतीचा रकाना

रामहरी जमादार सकाळी साडेसहाला उठतात आणि सात वाजेपर्यंत त्यांच्या घरात दोन-तीन गुन्हे तरी घडलेले असतात. चहात साखर कमी पडली, हा अदखलपात्र. वर्तमानपत्र त्यांच्या आधी कुणी उघडलं, हा दखलपात्र, पण जामीनपात्र. चष्मा ठेवल्या जागी नसला, तर मात्र थेट अजामीनपात्र. मग तो त्यांच्याच कपाळावर सापडला तरी आरोप मागं घ्यायची तरतूद त्यांच्या कायद्यात नाही.

त्यांच्या पत्नीवर, म्हाळसाबाईंवर, गेल्या अडतीस वर्षांत इतके गुन्हे दाखल झालेत की दुसरं कुणी असतं तर जिल्ह्यातून तडीपार झालं असतं. म्हाळसाबाईंनी मात्र एकदाही जामीन मागितलेला नाही. "तुमचं घोरणं कोणत्या कलमात बसतं ते आधी सांगा," असं म्हणून त्या पोळी उलटतात, आणि खटला तिथंच निकाली निघतो.

पुंडलिकनगरातली अख्खी गल्ली रामहरींना जमादार म्हणते. खरं तर ते सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले, पण लोकांनी बढती मंजूर केली नाही. मूळचे ते कन्नडकडच्या एका वाडीतले, मेंढपाळाच्या घरातले. पोलीस भरतीत धावण्याच्या चाचणीत पहिले आले, कारण मेंढरांमागं धावलेल्या पोराला मैदान म्हणजे सतरंजीच. पण नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एका साहेबांनी त्यांचं अक्षर पाहिलं. टपोरं, मोकळं, एकाही शब्दाला शिरोरेषेबाहेर पाऊल टाकू न देणारं. साहेबांनी त्यांना फिर्यादी लिहायला बसवलं, आणि जे पाय मेंढरांनी घडवले होते ते सरकारनं बत्तीस वर्षं टेबलाखाली ठेवले.

त्या बत्तीस वर्षांत त्यांनी हजारो फिर्यादी लिहिल्या. 'सदर इसम', 'नमूद वेळी', 'लबाडीच्या इराद्याने' हे शब्द त्यांच्या रक्तात उतरले. मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः लिहिली, तेव्हा 'नमूद ठिकाणी सहकुटुंब हजर राहावे' असा मजकूर छापून आला. दोन-तीन नातेवाईक ती वाचून घाबरले आणि वेळेच्या तासभर आधीच येऊन बसले.

त्यांचं एक तत्त्व होतं: रकाना कोरा ठेवायचा नाही. फिर्यादीत नाव, वय, धंदा, मालाचं वर्णन, मालाची किंमत, सगळं भरलं पाहिजे. पिशवी चोरीला गेली म्हणून रडत आलेल्या बाईलाही ते आधी पिशवीचा रंग विचारत.

पुढं निवृत्तीची तारीख आली. मे महिन्याच्या शेवटी ते हारतुरे घेऊन घरी आले आणि एक जुलैला जुनी दंडसंहिता जाऊन नवी न्यायसंहिता आली. एवढा जुना कायदा, पण रामहरी खुर्चीवरून उठेपर्यंत त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, अशी त्यांची खात्री आहे. नव्या कायद्यावर त्यांचा राग मात्र मनापासून. "पाचशे अकरा कलमं होती. आता तीनशे अठ्ठावन्न. एकशे त्रेपन्न कलमं गेली कुठं? चोरीला गेली असतील तर गुन्हा नोंदवा!" खुनाच्या तीनशे दोनचं एकशे तीन झालं, त्याचं त्यांनी जवळजवळ सुतक पाळलं. आणि चारशेवीस नावाचं कलमच उरलं नाही म्हटल्यावर, "आता लबाडाला शिवी काय द्यायची?" हा त्यांचा सवाल गल्लीत अजून अनुत्तरित आहे.

सुनेला जुने आकडे येत नाहीत, ही तर घरातलीच फितुरी. तनुजा लग्नानंतर कायद्याच्या कॉलेजात जाऊ लागली आणि नवीनच संहिता शिकली. सासऱ्याला मामा म्हणायची त्यांच्याकडं रीत. ती म्हणे, "मामा, चोरी म्हणजे तीनशे तीन." हे म्हणत, "तीनशे एकोणऐंशी." दोघं एकाच चोराबद्दल बोलत आहेत हे म्हाळसाबाईंना कळायलाही काही महिने लागले.

तरी संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्यांना रामहरी सगळं समजावून सांगत, आणि ते समजावणं ऐकण्यासारखं असे. "आकडे बदलले, चाळण्या त्याच. पहिली चाळणी: पोलीस आपणहून धरू शकतो का? धरू शकला तर दखलपात्र. नाही तर अदखलपात्र. नोंद घ्यायची, प्रत द्यायची आणि कोर्टाचा रस्ता दाखवायचा. दुसरी: जामीन हक्कानं मिळतो, का न्यायाधीशाच्या मर्जीनं? तिसरी सगळ्यात बारीक. दोघं भांडले आणि पुन्हा गळ्यात पडले, तर सरकार त्यांना पडू देतं का? शिवीगाळ असली तर पडू देतं. खून असला तर नाही."

"खून झाल्यावर गळ्यात पडणार कोण, जमादार?" असं कुणीतरी विचारी, आणि बैठक बरखास्त होई.

तर अशा या माणसाच्या दारात, जानेवारीतल्या एका सकाळी, साडेनवाच्या सुमाराला त्यांचा चुलतभाऊ त्रिंबक येऊन उभा राहिला. कन्नडहून पहिली गाडी पकडून आला होता. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. उन्हात उभा असूनही घोंगडी काढली नव्हती, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे म्हाळसाबाईंनी ओळखलं.

"दादा, कागद काढ," त्रिंबक उंबऱ्यातूनच म्हणाला.

"अरे, बस तं खरं. झालं काय?"

"वजीर नेला."

रामहरी उभेच राहिले. वजीर म्हणजे त्रिंबकचा मेंढा. तो साधा मेंढा नव्हे. अंगानं वासराएवढा, शिंगांचे दोन-दोन वेढे, आणि चाल अशी की मागं चाललेला कळप त्याच्या दरबारातला वाटावा. बाजारात एका व्यापाऱ्यानं त्याचे अडतीस हजार सांगितले होते, आणि त्रिंबकनं त्या व्यापाऱ्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. एवढा कमी आकडा तोंडातून काढला म्हणून.

"कुणी नेला?"

"फकिरानं."

आता हा फकिरा म्हणजे त्रिंबकचा सख्खा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याकडं चाळीसेक मेंढ्या. त्याचा मेंढा पावसाळ्यात मेला, म्हणून त्यानं वजीर दोन महिन्यांसाठी मागितला होता. मागितला तोही एका हळदीच्या मांडवात, सगळ्या सोयऱ्यांच्या देखत. आणि त्रिंबकनं सगळ्या सोयऱ्यांच्याच देखत उत्तर दिलं होतं, "वजीर भाड्यानं द्यायला तो काय मंगल कार्यालय हाय?" मांडव हसला. फकिरा हसला नाही. पुढच्या आठवड्यात त्रिंबक बाजाराला गेल्याचं बघून तो पिकअप घेऊन आला, वजीरला चढवला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "दाजीला सांगा, मी नेला."

"म्हणजे चोर नाव सांगून गेला?" रामहरींनी विचारलं. बत्तीस वर्षांत अशी सोय त्यांना कुणी करून दिली नव्हती.

"व्हय. आता असं कलम लाव, की जामीन नाय झाला पायजे."

खरं सांगायचं तर याच क्षणी रामहरींनी भावाला आत नेऊन शांत करायला हवं होतं. पण निवृत्तीनंतर दीड वर्षात त्यांनी लिहिलं होतं काय? टँकर उशिरा येतो याचे तीन अर्ज आणि गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांबद्दल एक. आणि इथं साक्षात दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा घोंगडी घेऊन दारात उभा! त्यांनी कपाटातून फुलस्केप कागद काढले, मध्ये कार्बन सरकवला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पेनाचं टोक तपासलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मुलाच्या लग्नातही नव्हतं, असं म्हाळसाबाई पुढं सांगत.

'मी, त्रिंबक, वय वर्षे चौपन्न, धंदा मेंढीपालन...' पेन धावू लागलं.

अर्ध्या तासानं जीपनं त्रिंबकची बायको रत्नमाला येऊन पोचली. नवऱ्यामागं निघालेली बाई, पण नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी म्हाळसाबाईंजवळ जाऊन बसली आणि बाहेरच्या खोलीत नीट ऐकू जाईल अशा आवाजात जावेशी बोलू लागली.

"अक्का, आपल्या फकिराचं नाव लागलंय बरं का एसटीत. ड्रायव्हरच्या यादीत."

"अगं बाई! कधी?"

"झाले पंधरा दिवस. आता पोलिसाकडून कागद यायचाय तेवढा, याच्यावर काय केस हाय का नाय म्हणून. तो आला की झालं. कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर आठ वर्सं काढली पोरानं. खाकी शर्टाचं कापड बी घेऊन ठुलंय."

बाहेर पेन थांबलं. त्रिंबक छताकडं बघू लागला.

"मला सांगितलं नाय त्यानं," तो भिंतीला म्हणाला.

"सांगणारच व्हता म्हणं, हळदीत," रत्नमालानं म्हाळसाबाईंना सांगितलं. "पण तिथं मंगल कार्यालयाचा विषय निघाला."

म्हाळसाबाईंनी तोंडाला पदर लावला. रामहरी खाकरले. कागदावर इतका सुंदर परिच्छेद जमून आला होता! 'लबाडीच्या इराद्याने' या शब्दांवर तर त्यांनी स्वतःच दोनदा नजर फिरवली होती. "हे बघ त्रिंबक," ते जरा नाखुशीनं म्हणाले, "चोरी म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद. दखलपात्र. एकदा नोंद झाली की पडताळणीत ती निघणार. एसटी काय, कुठलीच सरकारी गाडी त्याला हात लावू देणार नाही."

"मंग? चोरी केली तं केली ना त्यानं? माज चढलाय त्याला. शिक्षा झालीच पायजे."

तनुजा डबा भरून कॉलेजला निघाली होती, ती दारात थबकली. "मामा, किंमत किती लिहिलीत?"

"अजून लिहिली नाही. शेवटचा रकाना आहे तो. का?"

"त्याच्यावरच सगळं आहे. पाच हजारांच्या आतला माल असेल, तर नव्या कायद्यात ती चोरी अदखलपात्र. पोलीस आपणहून अटक करत नाहीत, जामीनही हक्काचा. आणि पहिलाच गुन्हा असला, वस्तू परत केली, तर तुरुंगच नाही. समाजसेवेची शिक्षा."

"समाजसेवेची?" रामहरींना हे नवं नव्हतं, पण ऐकलं की दर वेळी नव्यानं लागायचं. "तो काय शिक्षेचा प्रकार आहे! आमच्या वेळी..."

"सेवा म्हंजी काय करायला लावतेत?" त्रिंबकनं मध्येच विचारलं.

"न्यायालय ठरवेल ते, काका. झाडू मारणं, झाडं लावणं, असं काहीतरी. फुकट."

त्रिंबकची घोंगडी पहिल्यांदाच खांद्यावरून खाली आली. तो चक्क सरसावून बसला. "फकिरा झाडू मारणार? सगळ्यांम्होरं?" त्याच्या डोळ्यांपुढं ते चित्र उभं राहिलेलं सगळ्यांना दिसलं. "हे लई झ्याक कलम हाय, पोरी. दादा, हेच लाव. कैद-बैद नको. झाडू मारू दे भाड्याला चांगला महिनाभर. माझ्या वाड्यातल्या लेंड्या झाडायला लावता येतेत का, तेवढं बघ."

स्वयंपाकघराच्या दाराशी रत्नमालानं म्हाळसाबाईंपुढची मेथीची जुडी निवडायला ओढून घेतली. भाऊ महिनाभर झाडू मारत राहिला असता तरी तिला चाललं असतं.

"ठरलं तर," रामहरी म्हणाले. दखलपात्र गेला, अदखलपात्र हाती राहिला. निवृत्त माणसानं फार हट्ट करू नये. त्यांनी पेन उचललं. "मालाचं वर्णन झालं. आता किंमत बोल. पाच हजारांच्या आत."

त्रिंबक घोंगडीची घडी घालू लागला.

"बोल की."

"लिव... चार हजार..." त्रिंबक खोकला. पाणी प्यायला. पुन्हा म्हणाला, "चार हजार नऊशे..." आणि तोंड मिटून घेतलं.

"चार हजार नऊशे," रामहरींनी पेन टेकवलं.

"थांब! लिवू नको!"

"आता काय?"

"दादा, हे कागद ठाण्यात वाचतेत ना?"

"वाचणारच."

"तिथं कन्नडकडचा एखांदा पोलीस असंन?"

"असतोच एखादा."

"मंग झालं! बाजारभर होईन. त्रिंबकचा वजीर चार हजाराचा! आरं, चार हजारात आज बोकडाचं पिल्लू येत नाय. त्याच्या एका शिंगाला चार हजार सांगितले तं मी माणूस उठवून लावीन." त्रिंबकनं कागदावर तळवा ठेवला. "त्याला कळत नसंन, पण मला कळतंय ना. मुक्या जनावराची अशी बेअब्रू?"

"बरं बाबा, मग खरी किंमत लिहितो. चाळीस हजार."

रत्नमालाच्या हातात मेथीची जुडी होती. तिची बोटं निवडता निवडता थांबली. ती अजूनही नवऱ्याकडं बघत नव्हती, पण तिची पाठ बघत होती.

"चाळीस लिवलं तं..." त्रिंबक हळू म्हणाला.

"दखलपात्र. अजामीनपात्र. नोकरी गेली."

"आन चार लिवलं तं झाडू."

"हो."

"मधलं काय नाय?"

"कायद्यात मधलं नसतं, त्रिंबक. रेघ पाच हजारांवर आहे. अलीकडं उभा राहा नाहीतर पलीकडं."

त्रिंबक उठला, दारापर्यंत गेला, परत आला. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. तनुजाची बस चुकली, पण ती हलली नाही. रामहरी पेन धरून बसले होते. रकाना कोरा होता, आणि तो कोरा बघून त्यांना अंगावर मुंगी चालल्यागत होत होतं. त्यांनी मदत म्हणून लिहिलेला मजकूर वाचायला घेतला. "'...सदर इसमाने नमूद दिवशी फिर्यादीच्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने, एक नर जातीचा मेंढा, रंग काळा...'"

"ते कशाला लिवलं?" त्रिंबकनं विचारलं.

"काय?"

"ते, संमती."

"त्याच्याशिवाय चोरी होत नाही. मालकाची संमती असली तर कसली चोरी?"

"आन संमती असली तं किंमत लिवावी लागती का?"

"कशाची किंमत? गुन्हाच नाही तर कागदच नाही."

त्रिंबकनं पटका काढून मांडीवर ठेवला. त्याच्या पांढऱ्या केसांवर पटक्याचा वळ उठला होता. त्यावरून हात फिरवून तो म्हणाला, "मंग माझी संमती व्हती."

"नव्हती!" रामहरी जागेवरून उडाले. "अरे, तासभर तू काय सांगत होतास मला?"

"तासभर नव्हती. आता हाय."

"मागाहून संमती चालत नाही. गुन्हा घडला त्या वेळी पाहिजे. तनुजा, सांग याला, नव्या कायद्यात तरी चालते का?"

"नाही चालत," तनुजा म्हणाली. "पण न दिलेल्या फिर्यादीत सगळं चालतं, मामा."

रामहरींनी सुनेकडं पाहिलं. मग कागदाकडं. निवृत्तीनंतरची पहिली खरी फिर्याद. एक खाडाखोड नाही, कार्बन प्रतही तितकीच स्वच्छ उठलेली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत गुन्हेगार हातचे निसटले होते, साक्षीदार फिरले होते. पण खुद्द फिर्यादी डोळ्यांदेखत असा विरघळलेला त्यांनी पाहिला नव्हता. आणि तरी एक गोष्ट त्यांना मेंढपाळाच्या पोराला कळावी तशी आतून कळत होती. चार हजारांत वजीर लिहिणं त्यांच्याही हातून झालं नसतं.

"वजीरची किंमत करनारा मी कोण?" त्रिंबक कुणाला तरी समजावल्यागत म्हणाला. "विकला तं किंमत. चोरला तं किंमत. दिला तं काय? दिला तं दिला."

मेथी निवडायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

त्रिंबकनं खिशातून मोबाइल काढला. त्याला बारीक आवाजात बोलता येत नाही आणि फोनला बारीक आवाजात ऐकवता येत नाही, त्यामुळं पुढचं संभाषण गल्लीनंही ऐकलं.

"हॅलो. चोर बोलतोय का?"

"रामराम दाजी," पलीकडून आवाज आला. दबलेला, पण तयारीतला. शिव्या खायला बसलेल्या माणसाचा.

"वजीर कसा हाय?"

"पहिले दोन दिस तोंड लावलं नाय कशाला. आता खातोय."

"मका देतो का काय? मका कमी दे, पोट बिघडतं त्याचं. हरभऱ्याचं भुसकट दे. आन पाणी जास्त गार देऊ नको."

"बरं."

"कुणी इचारलं तं सांगायचं, दाजीनं सोताहून दिला. मेंढ्या गाभण होईस्तोवर ठेव. मंग जसा नेला तसा आणून सोडायचा. अंगावर एक गोचीड दिसला तं बघ."

पलीकडं एक मेंढरू ओरडलं.

"दाजी," फकिरा म्हणाला, "माझं चुकलंच. मांडवात लई लागलं मला."

"माझी बी जीभ लांब हाय," त्रिंबक म्हणाला, आणि एवढं बोलून घाम आल्यासारखा कपाळ पुसू लागला. "तुझ्या नोकरीचं मला काहून सांगितलं नाय रं?"

स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेल्या रत्नमालानं सकाळपासून पहिल्यांदा नवऱ्याकडं पाहिलं. मग उठून म्हाळसाबाईंच्या हातातलं पिठाचं ताट घेतलं. "अक्का, भाकरी मी टाकते. ह्यांना माझ्याच हातची लागती."

रामहरी कधीचे हात पुढं करून बसले होते. त्यांनी त्रिंबकच्या कानापासून फोन जवळजवळ ओढूनच घेतला.

"फकिरा, मी रामहरी बोलतोय. नीट ऐक. तुझ्या पडताळणीच्या अर्जात एक प्रश्न असेल, 'आपल्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल आहे काय?' सापडला का?"

"व्हय, हाय. कोराच ठेवलाय. कळंना काय लिवावं, म्हणून."

"कोरा?" रामहरी खुर्चीत ताठ झाले. "कोरा ठेवायचा नाही. आत्ता पेन घे. 'नाही' लिही. पूर्ण शब्द. रेघ मारू नको, फुली मारू नको. अक्षर टपोरं काढ, आणि शाई काळी वापर."

"लिवतो, जमादार."

"मी फोन धरतो. लिहून झालं की मला वाचून दाखव."